हायस्कूलजवळ भाड्याचे घर शोधताना

मूल हायस्कूलमध्ये जाऊ लागले की घर आणि शाळा यांच्यातले अंतर सगळ्या कुटुंबाच्या दिनक्रमात शिरते. वर्षात साधारण २०० दिवस शाळा भरते असे धरले आणि एका वेळच्या प्रवासाला ४० मिनिटे लागत असली, तर वर्षाला २६६ तासांहून अधिक वेळ केवळ जाण्यायेण्यात जातो. हेच अंतर १५ मिनिटांचे असेल तर तो वेळ १०० तासांवर येतो. उरलेल्या तासांचे मोल कळायचे असेल तर किशोरवयीन मुलांच्या झोपेकडे पाहावे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांनी रोज ८ ते १० तास झोपावे, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितले आहे. मात्र या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही. तो आळस नसतो. म्हणूनच तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. शाळेची वेळ आपल्या हातात नसते, घराचे अंतर मात्र काही प्रमाणात असते. शाळेजवळच्या घराचे भाडे थोडे जास्त पडत असेल, तर त्यातला काही भाग मुलाच्या सकाळच्या झोपेसाठी आपण देत आहोत, असे मी समजतो आणि घर पाहताना हाच विचार सर्वांत पुढे ठेवतो.

आधी प्रवेश, मग घर

घर पाहण्यापूर्वी शाळेचा प्रवेश पत्त्यावर अवलंबून आहे की नाही, हे निश्चित करून घ्यावे. जगातील अनेक शहरांत सरकारी शाळांना ठरावीक प्रवेशक्षेत्र असते आणि त्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलांनाच तेथे जागा मिळते किंवा त्यांना प्राधान्य मिळते. या क्षेत्राची सीमा अनेकदा एखाद्या रस्त्याच्या मधोमध जाते, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूची इमारत एका शाळेची आणि समोरची दुसऱ्या शाळेची असते. ‘हा सगळा भाग त्याच शाळेत येतो’ या दलालाच्या तोंडी आश्वासनावर करार करू नये. घर क्रमांकासह पूर्ण पत्ता शाळेच्या कार्यालयाला किंवा शिक्षण विभागाला कळवावा आणि उत्तर लेखी मागावे. सीमा बदलण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. पत्त्याचा पुरावा म्हणून कोणती कागदपत्रे चालतात, भाडेकरार पालकाच्याच नावावर असावा लागतो का आणि तो कोणत्या तारखेपूर्वीचा हवा, याची चौकशीही तेव्हाच उरकावी. केवळ कागदावर पत्ता दाखवण्यासाठी घर घेऊन प्रत्यक्षात दुसरीकडे राहण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये. पुढे पडताळणी झाली तर प्रवेश रद्द होऊ शकतो आणि त्याची झळ मुलाला सोसावी लागते.

जिथे पत्त्याची अट नाही, तिथे क्रम उलटा ठेवावा. प्रवेश निश्चित झाल्याशिवाय अनामत रक्कम भरू नये. हातचे घर निघून जाईल ही भीती खरी असली, तरी प्रवेश न मिळाल्यास नको त्या भागातल्या घराच्या करारात वर्षभर अडकणे अधिक महागात पडते.

या शाळेत मूल किती वर्षे शिकणार, याचाही आताच हिशेब करावा. दोनच वर्षे उरली असतील तर घरातल्या काही उणिवांकडे दुर्लक्ष करता येते. पाच वर्षे राहायचे असेल, किंवा धाकटे भावंडही मागोमाग त्याच शाळेत येणार असेल, तर आजच्या भाड्याइतकेच भाडेवाढीचे कलम महत्त्वाचे ठरते.

रिकामी होणारी घरे कुठे सापडतात

हायस्कूलच्या परिसरातील भाड्याच्या घरांना शाळेच्या वेळापत्रकाची लय असते. ज्यांची मुले शेवटच्या वर्गात आहेत, अशी बरीच कुटुंबे मुलासाठीच तिथे राहायला आलेली असतात आणि अंतिम परीक्षा झाल्यावर ती घर सोडतात. ही घरे जाहिरातीत येण्याआधीच कळली तर अर्धे काम होते. म्हणून शेवटच्या वर्गातील मुलांच्या पालकांशी परीक्षेच्या दोन-तीन महिने आधीच ओळख काढावी, तुम्ही हे घर सोडणार आहात का असे सरळ विचारावे आणि घरमालकाशी गाठ घालून देण्याची विनंती करावी. निघणाऱ्या भाडेकरूकडून जे कळते ते दलालाकडून क्वचितच कळते. पाणी किती वाजता येते, वरच्या मजल्यावरून आवाज येतो का, मालक दुरुस्तीचे पैसे वेळेवर देतो का, मागच्या वर्षी भाडे किती वाढवले, या प्रश्नांची उत्तरे द्यायला त्याला संकोच वाटण्याचे कारण नसते. मला स्वतःला चांगले घर याच वाटेने मिळाले. त्याआधीचे सहा आठवडे मी केवळ फोनवरच्या जाहिराती चाळण्यात घालवले होते, याची आजही हळहळ वाटते.

संकेतस्थळांवरील जाहिराती पाहाव्यातच, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. शाळेभोवतीच्या गल्ल्यांतून एका सुट्टीच्या दिवशी पायी फिरावे. खिडकीत लावलेल्या पाट्या, इमारतीचे पहारेकरी, जवळचे दुकानदार आणि शाळेच्या कार्यालयातील कर्मचारी यांच्याकडून अशी घरे कळतात, जी कोणत्याही पडद्यावर दिसत नाहीत. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वीचा महिना सर्वांत गर्दीचा असतो, त्या काळात मालक भाडे कमी करायला सहसा तयार होत नाही. शक्य असेल तर त्याच्या आधी शोध संपवावा. वर्षाच्या मध्यावर घरे थोडी असतात, परंतु रिकामे घर अंगावर पडलेला मालक तेव्हा बोलणी करायला अधिक राजी असतो.

अंतर शाळेच्या वेळेला मोजावे

जाहिरातीतील ‘शाळेपासून पाच मिनिटांवर’ या शब्दांना फारसा अर्थ नसतो, कारण ती पाच मिनिटे पायी, वाहनाने की रिकाम्या रस्त्याने, हे कोणी सांगत नाही. मोठा माणूस साधारण ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे १२ मिनिटे लागतात. नकाशावरील सरळ रेषेपेक्षा प्रत्यक्ष रस्ता साधारण सव्वापट तरी भरतो आणि मध्ये रेल्वेमार्ग, नाला, जलदगती रस्ता किंवा मोठ्या आवाराची भिंत आली तर तो दुप्पटही होऊ शकतो. दप्तराचे ओझे आणि सिग्नलवरील थांबे यांची मिनिटे निराळी धरावी लागतात.

आम्ही पाहिलेले एक घर नकाशानुसार शाळेपासून ६०० मीटरवर होते आणि शाळेचे मागचे फाटक अगदी समोर दिसत होते. करार करण्याच्या बेतात असताना माझ्या मुलीने तिथे उभ्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा कळले की ते फाटक केवळ सामानाच्या गाड्यांसाठी उघडते आणि मुलांना पुढच्या रस्त्याने वळसा घालून जावे लागते. तो वळसा आम्ही चालून पाहिला तर २१ मिनिटे लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की कोणते फाटक कोणत्या वेळेला कोणासाठी उघडे असते, हे विचारल्याशिवाय अंतर मोजलेच असे समजू नये.

मोजण्याची रीत सोपी आहे. शाळा चालू असलेल्या दिवशी, शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी, भरलेले दप्तर घेऊन मुलासह त्या घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत चालत जावे. लिफ्टची वाट पाहण्याचा वेळही त्यात धरावा, कारण सकाळी सगळी इमारत एकाच वेळी खाली उतरत असते. वाटेत किती रस्ते ओलांडावे लागतात, सलग पदपथ आहे का, तो वाहनांनी अडवला आहे का आणि ओलांडण्याच्या जागी वाहने खरोखर थांबतात का, हे पाहावे. पादचारी आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक नसावी, असे रस्ता सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. आपल्या वाटेवरील वाहने त्याहून पुष्कळ वेगाने जात असतील, तर थोडा लांबचा पण शांत रस्ता असलेले घर मी पसंत करीन. त्यानंतर तीच वाट आणखी एकदा, अंधार पडल्यावर चालावी. खेळाचा सराव, शिकवणी किंवा स्नेहसंमेलनाची तालीम संपवून मूल ज्या वेळी परतेल, त्या वेळी दिवे लागलेले असतात का, दुकाने उघडी असतात का, रस्त्यावर माणसे असतात का, हे दिवसा कळत नाही.

पालकांचा कामावर जाण्याचा प्रवासही याच हिशेबात बसला पाहिजे. मुलाचा अर्धा तास वाचवताना आईचा किंवा वडिलांचा दीड तास वाढत असेल, तर संध्याकाळी घरी कोणी नसण्याची किंमत मूलच मोजते.

अगदी शाळेला लागून असलेले घर मात्र मी सहसा सुचवत नाही. तासांची घंटा, ध्वनिवर्धकावरील सूचना, मैदानावरचा गलका आणि दिवसातून दोनदा होणारी वाहनांची कोंडी यांची सवय होते असे म्हणतात, पण रात्रपाळी करणारा माणूस किंवा तान्हे मूल घरात असेल तर ती होत नाही. येथे ध्वनीचा एक साधा नियम उपयोगी पडतो. मैदानावरील ध्वनिवर्धकासारख्या एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. सतत वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज मात्र तेवढ्याच अंतरात केवळ ३ डेसिबलच्या आसपास उतरतो. म्हणजे शाळेपासून ५० मीटरऐवजी २०० मीटरवर गेले तर ध्वनिवर्धकाचा त्रास १२ डेसिबलने कमी होईल आणि कानाला तो निम्म्याहूनही कमी वाटेल, पण मोठ्या रस्त्यापासून तेवढेच दूर जाऊनही फरक त्याच्या निम्माच पडेल. म्हणून शाळेच्या आवाजापेक्षा रस्त्याच्या आवाजाची अधिक धास्ती बाळगावी. चांगल्या झोपेसाठी शयनकक्षातील सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. शहरात ही मर्यादा गाठणे अवघड असले, तरी मुलाची झोपण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूला असलेले घर निवडणे अवघड नाही. फोनवरील आवाज मोजणारी ॲप अचूक नसतात, पण एकाच फोनने दोन घरांची तुलना करायला ती पुरतात. माझ्या मते पायी ८ ते १५ मिनिटांचे अंतर सर्वांत चांगले, कारण तेवढ्या वाटेत मूल मित्रांबरोबर चालते, बोलते आणि शाळेचा ताण मागे ठेवून घरी पोचते.

घरात शिरल्यावर

हायस्कूलमधल्या मुलाला स्वतंत्र खोली मिळाली तर उत्तमच, पण ती नसेल तर दार लावून बसता येईल असा एक कोपरा तरी हवा. साधारण १०० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल मेज आणि त्यामागे खुर्ची सरकवायला पाऊण मीटर जागा, एवढे माप टेप लावून घ्यावे. पलंग आणि कपाट ठेवल्यावर ही जागा उरते का, हे डोळ्यांनी ठरवू नये. पश्चिमेकडे मोठी खिडकी असलेली खोली दुपारनंतर तापते, आणि मूल तिथे अभ्यासाला बसते ती वेळ नेमकी तीच असते. वरच्या मजल्यावर छपराखालच्या घरात हा त्रास आणखी वाढतो.

ओल शोधायला नाकाचा उपयोग करावा. बंद कपाट उघडल्याबरोबर कुबट वास आला, किंवा भिंतीचा एकच चौकोन ताज्या रंगाने चमकत असला, तर त्यामागचे कारण विचारावे. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब पाहावा. प्रत्येक खोलीत फोनला संपर्क मिळतो का, हेही तपासावे.

दोन गोष्टींवर तडजोड करू नये असे मला मनापासून वाटते. पहिली गोष्ट गॅसवर चालणाऱ्या पाणी तापवण्याच्या यंत्राची. ते बंद न्हाणीघरात बसवलेले असेल आणि जळलेला वायू बाहेर नेणारी नळी नसेल, तर तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस सावध होण्यापूर्वी शुद्ध हरपते. राहायला जाण्यापूर्वी मालकाने ते बदलून द्यावे, अन्यथा ते घर सोडून द्यावे. दुसरी गोष्ट आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटेची. जिना सामानाने भरलेला नसावा, आणि सगळ्या खिडक्यांना पक्के गज असतील तर निदान एक तरी आतून उघडता येणारी असावी. शाळा सुटल्यावर मूल काही तास घरात एकटे असते, म्हणून हे दोन प्रश्न विचारताना कोणताही संकोच बाळगू नये.

पैसे आणि करार

भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे, हा जुना आणि ढोबळ ठोकताळा आहे. तो पाळताना केवळ भाडे न धरता देखभाल खर्च, वीज, पाणी, वाहनतळ यांची बेरीज करावी आणि त्यातून वाचणारे बसभाडे किंवा इंधन वजा करावे. दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च एकदाच होत असला, तरी तो जितके महिने राहायचे आहे त्यांवर वाटून पाहिला म्हणजे दोन घरांची खरी तुलना होते. भाडेवाढीचे गणित मात्र कागदावर मांडावेच. आज भाडे १०० असेल आणि ते दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत गेले, तर चौथ्या वर्षी ते १३३ होते. वाढ ५ टक्के असेल तर ते ११६ च्या आसपास राहते. मूल शेवटच्या वर्गात असताना घर बदलणे कोणालाच परवडत नाही आणि मालकालाही हे ठाऊक असते. म्हणून वाढीचा दर पहिल्याच करारात, शाळेची सगळी वर्षे धरून, लिहून घ्यावा. तीन-चार वर्षे टिकणारे कुटुंब मालकालाही हवे असते, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

कराराची मुदत कोणत्या महिन्यात संपते, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ती परीक्षेच्या काळात संपत असेल तर पहिला करार १२ ऐवजी ९ किंवा १४ महिन्यांचा करून शेवट लांब सुट्टीत आणावा. प्रवेश रद्द झाला किंवा पालकाची बदली झाली तर एका महिन्याच्या पूर्वसूचनेने घर सोडता येईल, असे कलम मागून पाहावे. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि कोणत्या कारणांनी कापली जाईल, कोणती दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होईल, हेही नुसते बोलण्यात न राहता करारात यावे. भाडेकरूंचे कायदे ठिकाणानुसार बदलतात, त्यामुळे कराराची नोंदणी आणि अनामतीची मर्यादा यांबद्दल स्थानिक नियम एखाद्या जाणकाराकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

घर प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी कोणालाही पैसे पाठवू नयेत. आजूबाजूच्या भाड्यापेक्षा फारच स्वस्त घर, परगावी असलेला मालक आणि ‘आणखी तिघे रांगेत आहेत, आजच टोकन भरा’ अशी घाई, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर ती बहुधा फसवणूक असते. समोरचा माणूस खरोखर मालक आहे, हे त्याचे ओळखपत्र आणि त्याच्या नावाचे वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती पाहून ठरवावे. पैसे बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी.

किल्ल्या हाती आल्या की सामान आत आणण्यापूर्वी प्रत्येक भिंत, नळ, खिडकी आणि मीटरवरील आकडे यांची छायाचित्रे काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावीत. मुख्य दाराचे कुलूप मालकाच्या संमतीने बदलावे, कारण आधीच्या किती भाडेकरूंकडे किल्ली राहिली आहे हे कोणालाच ठाऊक नसते. एक जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी आणि तिच्याविषयी मुलाला सांगून ठेवावे. शाळा उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी राहायला जावे, म्हणजे मुलाला ती वाट एकट्याने एकदा चालून पाहता येते. नवा पत्ता आणि आणीबाणीत संपर्क साधायचे क्रमांक शाळेच्या कार्यालयात लेखी द्यावेत, आणि नोंद झाल्याची पोच घेऊन ती भाडेकराराच्या फाइलमध्येच ठेवावी.